नुसती चौकशी नको, काहीतरी मागा

२५ मार्च २०२० ला गुढीपाडवा होता. आदल्या रात्री आठ वाजता भारतात एकवीस दिवसांची टाळेबंदी जाहीर झाली होती. पुण्यातल्या ज्या वृद्धाश्रमात माझी आई राहते, तिथलं फाटक भेटायला येणाऱ्यांसाठी त्याच्याही आठवडाभर आधी बंद झालं होतं. दोन्ही देशांनी प्रवासी विमानं थांबवली होती. दुबई सिलिकॉन ओएसिसमधल्या आमच्या गॅलरीत मी गुढी उभारली, फोटो पाठवला आणि फोन लावला. जेवलीस का, बीपीची गोळी घेतलीस का, बाहेर पडू नकोस, हात धुतेस ना. आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सकाळपासून तुझ्या भावाने, मावसबहिणीने आणि आता तू, तिघांनी हेच विचारलंत. मी जेवले. गोळी घेतली. पुढे?"

त्या 'पुढे'ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते शोधायला मला दीड-दोन महिने लागले, आणि हा लेख त्याच उत्तराबद्दल आहे. मी डॉक्टर नाही. आईच्या निमित्ताने मानसोपचारतज्ज्ञांशी, आश्रमातल्या सिस्टरशी आणि मावश्यांशी बोलत जे शिकले ते सांगते आहे. ज्यांचे आई-वडील, सासू-सासरे, काका-आत्या महाराष्ट्रातल्या एखाद्या वृद्धाश्रमात आहेत आणि जे स्वतः दुबई, शारजा, मस्कत, दोहा असे कुठे कुठे आहेत, त्यांच्यासाठी. करोना सरला म्हणून हा विषय संपला असं समजू नका. फ्लूची साथ आली, जुलाब-उलट्यांचा संसर्ग पसरला, की आश्रम आजही दोन-दोन आठवडे दार लावून घेतात. ते चूकही नसतं. प्रश्न दाराआड माणूस कसा राहतो याचा आहे.

४ एप्रिल २०२० पासून दुबईतही चोवीस तासांची बंदी आली. वाणसामानाला जायचं तरी ऑनलाइन परवाना. एरवी सतत वाहणारा शेख मोहम्मद बिन झायेद रोड गप्प झाला होता. आम्ही वैतागलो, पण २४ एप्रिलला रमजान सुरू होताना दिवसाची बंदी उठली. आमचे तीन आठवडे होते. आश्रमांची दारं कित्येक ठिकाणी वर्षभर धड उघडली नाहीत. आपल्या तीन आठवड्यांच्या अनुभवावरून आई-वडिलांच्या त्या वर्षाचा अंदाज करू नका.

आश्रमातला दिवस एरवीही दुसऱ्याने आखलेला असतो. चहा, नाश्ता, अंघोळ, जेवण. त्यात माणसाचं स्वतःचं असं थोडंसंच उरतं: फाटकापर्यंतची फेरी, भाजीवाल्याशी दोन शब्द, गुरुवारी बाहेरून येणारं भजनी मंडळ, जेवणाच्या खोलीतली ठरलेली खुर्ची. बंदीत नेमकं हेच जातं. ताट खोलीत येतं. एकट्याने जेवणारा माणूस कमी जेवतो, कमी बोलतो, दुपारी जास्त झोपतो आणि रात्री जागा राहतो. आणि सगळ्यात खोल जाणारी गोष्ट ही, की आपलं आता कुणाला काही लागत नाही, हे त्याला दिवसातून दहा वेळा कळतं. आपली 'जेवलीस का' ही चौकशी प्रेमाची असते, पण त्यात तो माणूस फक्त घेणारा असतो. म्हणून माझा पहिला आणि मुख्य सल्ला: चौकशी कमी करा, मागणं वाढवा.

काय मागायचं

माझी आई प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. माझा मुलगा इथल्या इंग्रजी शाळेत. पाढे त्याला दहापर्यंत येत होते, तेही इंग्रजीतून. मे महिन्यात मी आईला म्हटलं, याला पाढे तू शिकव, मला वेळ नाही. खरंच नव्हता. रोज तिच्या चार वाजता, म्हणजे आमच्या अडीचला, पंधरा मिनिटं. तिसापर्यंतचे पाढे झाल्यावर तिने पावकी, निमकी, पाउणकी काढली. औटकीपाशी, म्हणजे साडेतीनच्या पाढ्यापाशी, ती अडली. शेजारच्या खोलीत बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. तोवर दोघांचं नमस्कारापलीकडे बोलणं नव्हतं. तिने व्हरांड्यातून, अंतर राखून, त्यांना औटकी विचारली. त्यांना सबंध येत होती. त्या दिवसापासून रोज सकाळी दोघं आपापल्या दारात खुर्ची टाकून पाढे ताडून पाहू लागली. जी ओळख आश्रमाच्या कुठल्या कार्यक्रमाने झाली नव्हती, ती औटकीने करून दिली.

प्रत्येकाच्या आई-वडिलांकडे अशी एखादी औटकी असते, ती शोधा. गोडा मसाला किती धण्याला किती दगडफूल, हे वजनासकट मागा. घराण्याची नावं चार पिढ्या मागे लिहून मागा. वडील एसटीत होते तर कुठल्या डेपोतून कुठली गाडी कशी जायची ते विचारा. जे बोलके नाहीत त्यांना चुकीचं काहीतरी वाचून दाखवा. निवृत्त माणूस चूक दुरुस्त केल्याशिवाय राहत नाही. आईला मी संकष्टीची कामगिरीही दिली होती. कालनिर्णयात पुण्याची वेळ असते, दुबईची नाही. तिथे चंद्र उगवला की साधारण तासा-सव्वातासाने तो आमच्या गॅलरीतून दिसतो. आई तिकडून सांगायची आणि मी इथून दिसल्याचं कळवायची. महिन्यातून एकच दिवस, पण ती त्याची वाट पाहायची, आणि मग मीही पाहू लागले.

मागताना दोन गोष्टी पाळा. मागणं खरं असू द्या. लहान मुलाला गुंतवायला दिल्यासारखं काम दिलंत, तर त्यांना लगेच कळतं आणि ते दुखावतात. आणि दिलेल्याचं पुढे काय झालं ते कळवा. मसाला केला, आमटी बरी झाली, पण जरा उग्र वाटली, असं सांगा. मग पुढचा फोन त्या उग्रपणावर होतो.

स्मृतिभ्रंश झालेल्यांकडून काय मागायचं, असं मला एका मैत्रिणीने विचारलं. हातांकडून मागा. वाती वळणं, मटार सोलणं, रुमालांच्या घड्या घालणं हे हात विसरत नाहीत. तिच्या सासूबाईंनी वळलेल्या वाती पुण्यातला पुतण्या फाटकावरून घेऊन जायचा आणि विमानं सुरू झाल्यावर त्या दुबईत पोचल्या. अशा माणसाशी फोनवर बोलताना 'मला ओळखलंस का' ही परीक्षा मात्र घेऊ नका. 'आई, मी नीता, दुबईहून बोलतेय' असं आधीच आपलं नाव सांगून टाका. जुनी आरती, ओवी, शाळेतली कविता तुम्ही सुरू करा. पुढची ओळ बहुतेक वेळा तिकडून येते.

अंथरुणाला खिळलेल्यांकडे मत मागा. पडदे कुठल्या रंगाचे घेऊ, पोरीने शास्त्र घ्यावं की वाणिज्य. विचारलंत तर त्यांचं मत मोजा, नाहीतर विचारू नका.

वेळ आणि यंत्र

दुबईचं घड्याळ भारताच्या दीड तास मागे आहे, आणि यातच आपण चुकतो. इथलं ऑफिस सहाला सुटतं, आपण गाडीतून फोन लावतो, तेव्हा आश्रमात साडेसात झालेले असतात. प्रार्थना संपून ताटं मांडली जात असतात. घरी येऊन आठला लावला तर तिथे साडेनऊ, दिवे मालवलेले. आपण म्हणतो, आईला बोलायला उत्साहच नसतो. इथल्या सकाळी साडेसहाला लावा, तिथे आठ, नाश्ता झालेला, मन ताजं. किंवा दुपारी अडीचला, तिथल्या चहाच्या वेळी. ज्यांना तिन्हीसांजेला घालमेल होते, घरी जायचंय म्हणून जे दाराशी जातात, त्यांच्यासाठी इथल्या पावणेपाचला पाच मिनिटं काढा. तिथे सव्वासहा, नेमकी ती वेळ. फोन रोज हवा असं नाही. आठवड्यातून तीनच करा, पण वार आणि वेळ ठरवून, आणि चुकवू नका. अधूनमधून कधीतरी तासभर बोलण्यापेक्षा ठरलेली दहा मिनिटं कितीतरी बरी, कारण आधीचा सगळा दिवस त्यांच्याकडे वाट पाहायला काहीतरी असतं.

यंत्राचं थोडक्यात. व्हॉट्सॲपचे निरोप आणि व्हॉइस मेसेज दुबईत चालतात, कॉल चालत नाहीत. आश्रमाच्या ऑफिसातल्या फोनवर बहुधा व्हॉट्सॲपच असतं. पहिल्या आठवड्यात आमचा सगळा वेळ 'ऐकू येतंय का' यातच गेला. बोटिम किंवा झूम दोन्हीकडे आत्ताच घालून ठेवा, आणि एकदा करून पाहा. दार बंद झाल्यावर शिकवायला कुणी आत जाऊ शकत नाही. ऐकू कमी येणाऱ्यांना व्हिडिओपेक्षा साधा फोन कानाशी बरा. श्रवणयंत्राच्या बॅटऱ्यांची दोन-तीन पाकिटं आधीच कपाटात असू द्यात, चष्म्याचा जास्तीचा जोडसुद्धा. मावश्यांच्या तोंडाला मास्क असला की ओठ दिसत नाहीत, आणि ज्यांना आपण थोडे बहिरे समजत होतो ते अचानक पूर्ण तुटतात. लोक याला 'हल्ली गप्प गप्प असतात' म्हणतात. गप्प नसतात, त्यांना ऐकूच येत नसतं.

व्हॉइस मेसेज मला सगळ्यात उपयोगी वाटला. तो पुन्हा ऐकता येतो. आणि पत्र. टपाल अडकलं होतं तेव्हा मी ईमेल करायचे, ऑफिसातला मुलगा मोठ्या अक्षरात एका पानावर छापून द्यायचा. आईने ती सगळी पत्रं उशीखाली ठेवली होती. फोनला उशी नसते, असं ती म्हणाली.

आमच्या इमारतीत आणखी दोन मराठी कुटुंबं आहेत. एकीचे वडील नाशिकच्या आश्रमात, दुसऱ्याची मावशी कोल्हापूरच्या. जूनमध्ये आम्ही अदलाबदल सुरू केली: बुधवारी मी नाशिकच्या आजोबांना फोन करायची, नाशिकवाली माझ्या आईला. पोटच्या पोरांना न सांगितलेलं माणूस परक्याला सांगतं. आईला गुडघ्याचा त्रास वाढलाय आणि रात्री भीती वाटते, हे मला त्या मैत्रिणीकडून कळलं. मी काळजी करीन म्हणून आई मला सांगत नव्हती. हा उपाय फुकट आहे, सोपा आहे, आणि मी तो सगळ्यांना आग्रहाने सुचवते.

'वय झालं' म्हणण्याआधी

एप्रिल २०२१. दुसरी लाट. २४ एप्रिलच्या मध्यरात्रीपासून अमिरातीने भारतातून येणाऱ्या प्रवाशांना प्रवेश थांबवला. गेले असते तर परत कधी येता येईल ते कुणी सांगू शकत नव्हतं. त्याच आठवड्यात आईला दारात कुणीतरी उभं दिसू लागलं. रात्री दोनला ती शाळेत जायची तयारी करू लागली. मला कळवण्यात आलं की वय झालं, एकटेपणाने असं होतं, तुम्ही बोलत राहा. सुदैवाने माझा भाचा डॉक्टर आहे. त्याने फोनवर एकच प्रश्न विचारला: हे कधीपासून? परवापासून. मग त्याने रक्त तपासायला लावलं. सोडियम खूप उतरलं होतं. उपचार झाले आणि आठवड्याभरात आई आईसारखी बोलू लागली.

हा फरक प्रत्येक मुलाने पाठ करावा. तासा-दिवसांत आलेला गोंधळ, दिवसाची रात्र होणं, भास, कधी चिडणं तर कधी एकदम गुंगीत जाणं, हे मनाचं दुखणं किंवा म्हातारपण समजून सोडून द्यायचं नाही. याला वैद्यकात डेलिरियम म्हणतात. लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, पाणी कमी पडणं, सोडियम उतरणं, बद्धकोष्ठ, नवी सुरू झालेली किंवा अचानक बंद पडलेली गोळी, यांतलं काहीतरी मागे असतं. ताप नसतानाही करोना वृद्धांत असा दिसला. त्याच दिवशी डॉक्टर हवा.

नैराश्य आठवड्यांनी येतं. वृद्धांमध्ये ते 'मी दुःखी आहे' असं बोलून दाखवत नाही. भूक मेली, तोंडाला चव नाही, पहाटे तीनला जाग येते, अंग दुखतं, आवडती मालिका लावावीशी वाटत नाही, पदर नीट नाही, दाढी वाढलेली. दोन आठवड्यांहून जास्त हे टिकलं तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. आता फोनवर, व्हिडिओवर तपासणी होऊ शकते. वजन दर महिन्याला विचारा. 'जेवते' या उत्तरापेक्षा वजनाचा आकडा खरं सांगतो. औषधाने वृद्धांचं नैराश्यही बरं होतं, 'या वयात कशाला' हा विचार करू नका.

आपल्याकडे 'देवाने आता उचलावं' हे वाक्य म्हातारी माणसं सहज बोलतात, आणि आपण 'असं बोलू नये' म्हणून विषय तोडतो. तोडू नका. बहुतेक वेळा त्यात थकवा असतो, कधी कधी त्याहून जास्त असतं. सरळ विचारा: "आई, जीव नकोसा झालाय का? स्वतःचं काही करून घ्यावं असं मनात येतं का?" विचारल्याने नसलेला विचार डोक्यात येत नाही, असलेला बोलला जातो. गोळ्या साठवणं, अंगठी-साड्या वाटून टाकणं, अचानक निरोपाचं बोलणं, असं काही दिसलं तर तेव्हाच ऑफिसला फोन करा, माणूस एकटा ठेवू नका म्हणून सांगा, आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. भारतात वृद्धांसाठी १४५६७ ही एल्डरलाइन आहे आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ टेली-मानस. हे नंबर तिथल्या नातेवाइकाकडे आणि आश्रमाच्या ऑफिसात लिहिलेले असू द्यात.

मृत्यूबद्दल एक सांगायचं आहे. बंदीच्या काळात आईच्या मजल्यावरच्या एक बाई दवाखान्यात गेल्या आणि परत आल्या नाहीत. 'धक्का बसेल' म्हणून कुणी कुणाला सांगितलं नाही. त्यांची खोली धुतली गेली, पलंग उचलला गेला, सगळ्यांनी पाहिलं. आई आठ दिवस नीट जेवली नाही. मग मी फोनवर विचारलं, तेव्हा ती रडली आणि म्हणाली, "मी गेले तरी असंच करतील." वृद्धांना मृत्यू नवा नसतो, त्यांनी आपल्यापेक्षा पुष्कळ पाहिलेले असतात. लपवाछपवीने त्यांना कळतं ते एवढंच, की आपल्या जाण्याची दखल घेतली जाणार नाही. सांगा. नाव घेऊन सांगा. समई लावू द्या, दहाव्याला त्यांच्या आवडीचा पदार्थ आश्रमाला करायला सांगा, खर्च तुम्ही पाठवा.

तिथली माणसं

त्या वर्षी कित्येक आश्रमांत मावश्या आठवडेच्या आठवडे आतच राहिल्या, स्वतःची मुलं घरी ठेवून. आपल्या आईचा हात प्रत्यक्षात त्यांच्या हातात होता. मावशींचं नाव, त्यांच्या मुलांची नावं माहीत करून घ्या. महिन्याचा रिचार्ज भरा. तक्रार असेल तर ऑफिसात एकट्याने सांगा, कुटुंबांच्या ग्रुपवर नको. थकलेली, अपमानित झालेली मावशी गोळी देईल, पण पलंगाशी दोन मिनिटं बसणार नाही, आणि बंद दाराआड ती दोन मिनिटं फार मोठी असतात.

त्यांना तुमच्या माणसाची ओळखही करून द्या. आश्रमात प्रत्येक जण 'आजी' किंवा 'आजोबा' होतो. माझी आई तेहतीस वर्षं 'बाई' होती. मी एका कागदावर लिहून पाठवलं: यांना बाई म्हणा; चहा बिनसाखरेचा, पण कडक; उजव्या कानाने ऐकू येतं; भीती वाटली तर दिवा चालू ठेवा; रेडिओ आवडतो, बातम्यांचं चॅनेल नको. तो कागद दाराच्या आतल्या बाजूला चिकटवला. मावशींनी पहिल्यांदा 'बाई' अशी हाक मारली तेव्हा आई उठून बसली, असं त्यांनीच मला सांगितलं.

आता शेवटचं, आणि हे दार उघडं असतानाच करायचं आहे. नेदरलँड्सने २० मार्च २०२० ला नर्सिंग होममधल्या भेटी बंद केल्या आणि ११ मेपासून २६ ठिकाणी प्रत्येक रहिवाशासाठी एका ठरावीक माणसाला पुन्हा आत सोडून पाहिलं. नियम पाळून झालेल्या त्या भेटींच्या सुरुवातीच्या आठवड्यांत नवा संसर्ग नोंदला गेला नाही, आणि रहिवासी सावरले असं सगळ्याच ठिकाणांनी सांगितलं. आपल्या आश्रमांशी हे बोलता येतं. बंदी आली तरी मास्क, तपासणी, ठरलेली वेळ हे सगळं पाळून प्रत्येकाचा एक माणूस आत येईल, अशी ओळ करारपत्रात घालायला सांगा. सगळे ऐकतील असं नाही, पण चार कुटुंबांनी मिळून मागितलं तर संचालक विचार करतात, आमच्याकडे केला.

आपण परदेशात आहोत, तो एक माणूस आपण नसणार. स्थानिक पालक म्हणून प्रवेशाच्या वेळी ज्याचं नाव दिलं, तो कदाचित आता पुण्यात नसेल, स्वतःच सत्तरीचा झाला असेल, किंवा आईला त्याच्याशी बोलायला आवडतही नसेल. आईलाच विचारा, कोण आलेलं तुला आवडेल. माझ्या आईने भावाचं नाव घेतलं नाही, भाचीचं घेतलं नाही. तिने तिच्या एका जुन्या विद्यार्थिनीचं नाव सांगितलं, जी पलीकडच्याच सोसायटीत राहते. मी तिला फोन केला. ती म्हणाली, मी कधीची वाट पाहत होते, पण मला आत कोण सोडणार? तिचं नाव आता आश्रमाच्या रजिस्टरमध्ये आहे. येत्या सुटीच्या दिवशी तुम्हीही हा एक प्रश्न फोनवर विचारा आणि जे नाव येईल ते त्याच दिवशी लेखी कळवा.